हाक मारली तर लवकर येतात का?

आपल्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींनो, आत्ताच छावणी भागातल्या घरी परतले आहे आणि मन थाऱ्यावर नाही.

सकाळी सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन एक वृद्धाश्रम बघायला गेले होते. महिन्यात ती दोनदा पडली. माझेही गुडघे गेलेत, तिला उचलता येत नाही.

मी व्यवस्थापकांना डॉक्टर, नर्स, पथ्याचं जेवण असं सगळं विचारत होते. आई मात्र मुलगी द्यायच्या आधी घर बघतात तशी फिरली. माठात डोकावली, गादी चाचपली आणि तिथं राहणाऱ्या एका बाईंपाशी जाऊन बसली.

“बाई, हाक मारली तर लवकर येतेत का इथं?”

त्या बाईंनी आधी व्यवस्थापकांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “व्हय, लगेच येतेत.”

रिक्षात आई म्हणाली, “तुझं घर बघायला गेले, तवा तुझ्या जावेनं असंच सासूकडं बघून सांगितलं होतं, लई सुख हाय म्हणून. तरी दिलीच की तुला!” आणि हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारपर्यंत खोलीचं कळवायचं आहे. घरी दिवसभराची बाई ठेवून कुणी निभावलंय का? आणि आश्रम निवडला असेल, तर तिथं राहणाऱ्यांशी तुम्हाला एकटीनं बोलू दिलं होतं का?