रविवारी शालिमारला मी होते

"रविवार. नाशिकरोड ते शालिमार, सकाळी. शालिमार ते नाशिकरोड, संध्याकाळी." मॅडम मोबाईलवरून वाचत होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज मोकळा. "त्याच्या आधीचा रविवार. परत तेच. अहो मंदाबाई, रविवारी तर सुट्टी असते ना तुम्हाला? मग शालिमारला कोण राहतं तुमचं?"

हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. दहा-बारा बायका. काळ्या साड्या, हातात बटाटेवड्यांच्या प्लेटा. त्या हसल्या. फार मोठ्यानं नाही. चांगल्या घरातल्या बायका हसतात तेवढंच.

मंदाबाई म्हणजे माझी आई. ती हॉलच्या मधोमध उभी. भांडी घासताना हाक आली म्हणून तशीच उठून आलेली. कोपरावरून साबणाचं पाणी फरशीवर गळत होतं आणि ती ते पायानं पुसायला बघत होती.

मी त्या दिवशी आईच्या मदतीला आलेले, स्वयंपाकघराच्या दारात. हातात कॉफीचा ट्रे.

रविवारी शालिमारला आई गेलीच नव्हती. मी गेले होते. दोन्ही रविवारी. बसचं कार्ड मॅडमनी आईला दिलेलं, आणि बसमध्ये ते मशीनला टेकवणारा हात माझा.

आईनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाली, "चुकलं मॅडम. मीच गेलते."

आणि मी कॉफी वाटली.

हे एवढं वाक्य लिहायला मला सहा महिने लागले. मी गोठले, सुन्न झाले, पायाखालची जमीन सरकली, असलं काहीतरी लिहून सुटता आलं असतं. तसं काही झालं नाही. मी कॉफी वाटली. ज्यांना बिनसाखरेची हवी होती त्यांना आठवणीनं वेगळा कप दिला. एक बाई म्हणाली, "मुलगी नीटनेटकी आहे हो." मी म्हणाले, "थँक यू."

मॅडमचं वाचन संपलं नव्हतं. "शालिमारला पुतळ्यापाशी तुमच्या लोकांचं काय चालतं ते चालू द्या. आमची काही हरकत नाही. पण माझ्या कार्डावर नको." त्या "तुमच्या लोकांचं" अगदी सहज म्हणाल्या. आम्ही बौद्ध आहोत हे त्या हॉलमध्ये तोवर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. सोफ्यावरची एक म्हणाली, "म्हणजे मोर्चे यांचे आणि रिचार्ज आपला!" आता मात्र सगळ्या मोकळेपणानं हसल्या. दुसरी म्हणाली, "पण हे कार्डाचं भारी आहे गं. बाई कुठं जाते, कधी जाते, सगळं घरबसल्या. मलाही घेऊन दे एक आमच्या बाईसाठी."

शेवटी निकाल लागला. दर शनिवारी काम संपलं की कार्ड मॅडमकडं ठेवून जायचं. सोमवारी परत न्यायचं.

"मग शनिवारी घरी कसं जायचं?" हा प्रश्न शाळेतल्या पोरानंही विचारला असता. आई म्हणाली, "बरं मॅडम." मी रिकामे कप गोळा करत होते.

आई त्या बंगल्यावर अकरा वर्षं जात होती. आम्ही नाशिकरोडला जेल रोडच्या अंगाला राहतो, बंगला गंगापूर रोडला. जाताना दोन बस, येताना दोन बस. आदल्या दिवाळीत तिनं पगार वाढवायचा विषय काढला. बसभाडं झेपत नाही म्हणाली. मॅडमनी पगार वाढवला नाही, कार्ड आणून दिलं. सिटी बसचं, रिचार्ज करता येतं ते. "आता तिकिटाचं टेन्शनच नाही. बॅलन्स मी भरत जाईन." कार्ड घेताना नंबर मॅडमचा दिला होता. त्यामुळं आई कुठं चढली, कुठं उतरली, सगळं मॅडमच्या मोबाईलवर.

आई त्या कार्डावर खूश होती, हे खोटं कशाला सांगू. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरची रोज बोलणी खायची. "मावशी, सकाळी सकाळी शंभराची नोट काढता? मी काय बँक आहे का?" हे ऐकत तिनं दहा वर्षं काढली. आता ती कार्ड पुढं करायची, मशीन टिंग वाजायचं, कागद हातात यायचा. कुणाला विनवायचं नाही. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "माझ्या शेजारी कॉलेजची पोरगी बसलेली. तिचंबी टिंग, माझंबी टिंग."

मग चौकशा सुरू झाल्या. "काल पाचला निघालात आणि सीबीएस स्टँडला साडेसहाला चढलात. मधे कुठे होतात?" आई सांगायची, बस नव्हती, चालत आले. एकदा ती सातपूरला मावशीकडं उतरली. दुसऱ्या दिवशी, "सातपूरला काय काढलंत?" आई मावशीकडं जायची बंद झाली. एकदा दवाखान्यात गेली, तर केसपेपर नेऊन दाखवला. कुणी मागितला नव्हता. आपणहून दाखवला.

हे सगळं ती मला सांगायची. मी काय म्हणायचे? मी म्हणायचे, "असू दे गं. आपल्याला काय लपवायचंय? एवढ्या मोठ्या बाईला एवढा वेळ आहे होय रोज बघत बसायला?"

मी. जी दर रविवारी शालिमारला उभी राहून पत्रकं वाटते.

पत्रकं कसली ते पण सांगते. घरकाम करणाऱ्या बायांची आमची संघटना आहे, लहानशी. मी तिथं लिहिते, बोलते, घोषणा देते. त्या महिन्याचं पत्रक मीच लिहिलेलं. 'घरकामगार भगिनींनो, तुम्ही श्रम विकता, स्वाभिमान नाही.' वाक्य मला फार आवडलेलं. दोनदा ठळक टाईप करून घेतलं. त्यातला एक कागद मी माझ्या आईला दिला नव्हता. द्यायचं सुचलंच नाही. आई माझ्यासाठी आई होती. भगिनी कुठल्या तरी दुसऱ्याच बाया होत्या.

त्या दोन रविवारी झेरॉक्सला पैसे कमी पडले. तिकिटाचे माझ्याकडं होते, ते मी झेरॉक्सला दिले आणि खुंटीवरच्या पिशवीतून आईचं कार्ड घेतलं. विचारलं नाही. तिनं घेताना पाहिलं होतं. "मॅडमला दिसंल," एवढंच म्हणाली. "दिसू दे," मी म्हणाले. मोठ्या रुबाबात. लढणाऱ्या माणसाचा तो रुबाब. किंमत दुसरं कुणी मोजणार असेल तेव्हा तर तो फारच छान जमतो.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी आम्ही दोघी बसमध्ये बसलो. कंडक्टर ओळखीचा. "मावशी, टेकवा कार्ड."

"नको. तिकीट दे दोन."

"का? बॅलन्स संपला?"

"हां," आई म्हणाली. "संपला."

द्वारका चौक मागं पडला. मलाच राहवलं नाही. "तू खोटं का बोललीस? माझं नाव सांगायचं ना."

तिनं खिडकीबाहेरच बघत सांगितलं, "तुझं नाव घेतलं असतं तर त्या तुझ्याकडं बघून हसल्या असत्या. माझ्याकडं बघून हसायची सवय हाय त्यांना. मलाबी हाय."

मग थोड्या वेळानं, "तू बोलशील वाटलं हुतं. पण तुझ्या हातात ट्रे हुता."

ती टोमणा मारत नव्हती. मला सोडवत होती. तेच सहन झालं नाही. लहान पोरानं कप फोडल्यावर आई सांगते ना, त्याचा धक्का लागला, त्यानं मुद्दाम नाही केलं, तशी ती मला, चोवीस वर्षांच्या बाईला, सोडवत होती. ट्रे! तो मी खाली ठेवू शकत होते. समोर टीपॉय होता.

त्या रात्री आणि पुढचे बरेच दिवस माझ्या डोक्यात मॅडम नव्हत्याच. मॅडमचा राग सोपा होता, तो मला पाठ होता. त्यांच्या वर्गाबद्दल, जातीबद्दल मी झोपेतसुद्धा दोन पानं लिहीन. पण आईच्या त्या एका नजरेवर एक ओळ लिहिता येईना. ती नजर विचारत होती, सांगू का तुझं नाव? आणि माझ्या चेहऱ्यावर तिला उत्तर दिसलं होतं. नको.

शनिवार आला. कार्ड जमा करायचा दिवस. मी संध्याकाळी पाचला बंगल्यावर गेले. आईला सकाळीच सांगितलं होतं, मी येणार, बोलणार. तुझं काम जाईल कदाचित. नको म्हणालीस तर नाही येत. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुझं तू बोल. माझं मी बोलन."

आई काम आटपून हॉलमध्ये आली, तिच्यामागं मी; मॅडम पेपर वाचत होत्या. "आलात? ठेवा तिथं कार्ड."

मी म्हणाले, "मॅडम, रविवारी शालिमारला मी होते. दोन्ही वेळा. आईला न विचारता मी कार्ड घेतलं. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं."

"अगं मग त्याच दिवशी नाही का सांगायचं?"

"भीती वाटली. लाज वाटली."

मॅडम हसल्या. यावेळचं हसणं गोड होतं. "जाऊ दे. कबूल केलंस, छान केलंस. शिकलेली आहेस. विषय पैशाचा नाहीच आहे गं, विश्वासाचा आहे."

मला वाटलं, संपलं. इथं थांबावं. माझी चूक मान्य झाली, मला माफी मिळाली, आईचं काम राहिलं. गंमत बघा, तेवढ्या एका "छान केलंस"नं मला आत कुठंतरी बरंसुद्धा वाटलं. शाळेत बाईंनी पाठ थोपटल्यासारखं. आणि त्या बरं वाटण्याचीच मला किळस आली.

"माझी चूक मी सांगितली," मी म्हणाले. "आता तुमची. आई इथं साडेआठ ते पाच काम करते. पाचनंतर ती सातपूरला उतरेल, दवाखान्यात जाईल, पुतळ्यापाशी जाईल. ते तुम्ही विचारायचं नाही. बारा बायकांत तर वाचून दाखवायचंच नाही. त्याची माफी तुम्ही तिच्याकडं मागायला पाहिजे."

मॅडमचा पेपर खाली आला. "मंदाबाई, हे काय शिकवून आणलंय हिला?"

आईनं कमरेची पिशवी सोडली. कार्ड काढलं. पदरानं पुसलं आणि टीपॉयवर ठेवलं. का पुसलं कोण जाणे. सवय.

"मी कोणाला शिकवलं नाय मॅडम. सोमवारी मी कामाला येईन. तिकीट काढून येईन. पण परत तसं वाचायचं नाय."

"आणि वाचलं तर?"

"तर नाय येणार."

"मग सोमवारीच येऊ नका," मॅडम म्हणाल्या.

अकरा वर्षं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गेटपाशी आईनं सवयीनं कुत्र्याचं पाण्याचं भांडं भरून ठेवलं आणि आम्ही निघालो.

हे विजयाचं वगैरे नाही. आईला आता वस्तीजवळ दोन घरची कामं मिळालीत, पण दोन्ही मिळून पहिल्यासारखं भागत नाही. वस्तीतल्या बाया मला ऐकवतात. शेजारची काकू तर तोंडावर म्हणाली, "तुझं भाषण झालं पोरी, मंदाचं काम गेलं." तिचं अर्धं खरं आहे.

आईच्या स्वतःच्या मोबाईल नंबरावर तिचं स्वतःचं कार्ड आधीही निघालं असतं. फार तर तासाभराचं काम. मला ते माहीत होतं. मी केलं नाही, कारण फुकटचं कार्ड घरात होतं आणि अधूनमधून मलाही लागायचं. आता काढून देते म्हणाले तर ती नको म्हणते. सुट्टे पैसे रुमालात बांधते.

मागच्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला. नवी बाई टिकत नाही. मुलीनं येऊन सॉरी म्हणावं, झालं गेलं विसरून जाऊ, पगारही थोडा वाढवू. काकू म्हणाली, "एक शब्द तर आहे. त्यानं काय झिजणार?" मी आईकडं बघितलं. घर तिच्या कष्टावर चालतं, तेव्हा शब्दही तिचाच चालायला हवा.

आई म्हणाली, "हिनं तिथं माफी मागितली तर मी त्या घरात पाय ठेवणार नाय." आणि डाळ निवडायला बसली.

माफी मला मागायचीच आहे. गंगापूर रोडला नाही. ज्या बाईनं भरल्या हॉलमध्ये माझी चूक आपल्या अंगावर घेतली तिची. घरात, चुलीपाशी, दोघींतच मागितली तर ती स्वस्तात पडेल. आईची मान चारचौघींत खाली गेली होती.

येत्या रविवारी संघटनेची बैठक आहे. पन्नासेक बाया येतील. दरवेळी मी उभी राहते आणि मालकिणींबद्दल बोलते. या वेळी आईला ये म्हणाले. ती म्हणाली, "बघू." येईल की नाही, माहीत नाही. ती नाही आली तरी मी उभी राहणार. आधी माझं नाव सांगणार, मग मी काय केलं ते. कॉफीसकट. त्यानंतर त्या बंगल्याचं.