जिवंत ठेवलेलं प्यादं
सरकीच्या तेलाचा वास आला की मला जालन्याचा तो क्लब आठवतो. निजामाच्या राज्यात, कापसाच्या जिनिंग कारखान्याशेजारच्या एका माडीवर आम्ही मास्तर आणि दुकानदार मंडळी बुद्धिबळ खेळायचो. त्या वर्षी स्पर्धेच्या शेवटच्या डावाला माझ्यासमोर कचेरीतला एक कारकून बसला. याच माणसानं, आमच्या घरी हळद दळून झाल्यावर, ‘पोरगी सावळी आहे’ असा निरोप पाठवून माझ्या धाकट्या बहिणीशी ठरलेलं स्वतःचं लग्न मोडलं होतं. दुपारपर्यंत त्याचा वजीर माझ्या हाती आला. दोन खेळ्यांत मात होत होती, पण मी ती केली नाही. त्याचे हत्ती, घोडे, उंट एकेक करून उचलले. राजा एकटाच उरला तर आमच्याकडे डाव बरोबरीत सुटायचा, म्हणून त्याचं एक प्यादं तेवढं जिवंत ठेवलं. बघणारे हसायला लागले. त्याच्या कपाळावर घाम आला. “मात करा ना जल्दी,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही तरी कुठं जल्दी सांगितलं?” मी मोठ्यानं म्हणालो, “हळद दळूस्तोवर थांबलेच ना?” मग मी मात केली. घरी येऊन बहिणीला सगळं रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “दादा, तब्येत बरी हाय का त्यांची?” मी न जेवताच उठलो. आता माझी ऐंशी उलटली, बहीणही राहिली नाही. तरी तो डाव मी मनात पुन्हा मांडतो, आणि त्याला आणखी सावकाश मारतो.