पापडाच्या अंगणातली खूनकथा

माझ्या लहानपणी आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अकोल्यातल्या त्या दोन खोल्यांत पलंगाखाली, माळ्यावर, शिवणयंत्राच्या पायडलवरसुद्धा पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा चळवळीतले. छापखान्यातून आलेला ओलसर गठ्ठा सोडायचा, घड्या घालायच्या आणि सकाळी चौकात ती पत्रकं वाटायची, हा आमचा रविवार. मी वाचायला शिकले ती ‘बंधू आणि भगिनींनो’ या शब्दांपासून. कोणतंही पुस्तक हातात दिलं की बाबा आधी विचारत, ‘हे कोणाच्या बाजूनं आहे?’

अशा घरात वाढलेल्या मुलीनं अमरावतीत नोकरीला लागल्यावर जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून इंग्रजी खूनकथा उचलाव्यात, आणि त्याही कोझी मिस्टरी म्हणतात तसल्या, हे बाबांना आजही पटलेलं नाही. मुखपृष्ठावर मांजर, खिडकीत फुलांची कुंडी, मागे तळं. गाव इतकं लहान की कोण कोणता पाव नेतो हे बेकरीवालीला पाठ. दुसऱ्या प्रकरणात खून होतो, पण रक्त कुठं दिसत नाही. मग ग्रंथालयातून निवृत्त झालेली एखादी बाई चहा पीत, विणकाम करत, चार घरी बसून खुनी शोधून काढते.

मला ही पुस्तकं आवडतात, आणि त्याची मला लाज वाटत नाही. ज्या म्हाताऱ्या बाईला पोलीस मोजत नाहीत, तिचं तिथं शेवटी सगळ्या गावाला ऐकावं लागतं. खरं काय ते शेवटच्या प्रकरणात सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं जातं. बाबांना मी हेच उत्तर दिलं होतं, की जिचं कोणी ऐकत नाही तिच्या बाजूनं ही पुस्तकं आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी मावशीकडे हिवरखेडला गेले, तेव्हा पिशवीत असलंच एक पुस्तक होतं.

तिच्या गल्लीत चैत्र लागला की पापडांच्या पाळ्या लागतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. ऊन चढायच्या आत बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून कुटायचं, त्याची वळकटी करायची, दोऱ्यानं लाट्या पाडायच्या आणि लाटत बसायचं. ज्या घरी पापड असतील तिथली बाई आधी प्रत्येकीच्या हातावर तेलात बुडवलेली एक कच्ची लाटी ठेवते. ती खाल्ल्याशिवाय लाटणं हातात घ्यायचं नाही. कोणाच्या पिठात खार जास्त, कोणाचं मिरं जाड, याचा निकाल तिथंच लागतो. पाळीत नाव असणं म्हणजे गल्लीत असणं.

मला पापड लाटता येत नाहीत. माझा पापड पाहून मावशी म्हणाली, ‘बाप्पा, हे पापड हाय का तालुक्याचा नकाशा?’ मी मुकाट्यानं बाजूला झाले आणि पुस्तक उघडलं.

‘पाह्य इले,’ ती बाकीच्यांना म्हणाली. ‘आमी घामानं भिजून राहिलो अन् हे पुस्तकात तोंड घालून बसली. मोठ्यानं तरी वाच, आमाले बी समजू दे.’

असं ते सुरू झालं. मी इंग्रजी पान डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं वऱ्हाडीत सांगायची. बेकरीचं पाव-टोस्टचं दुकान झालं. तळ्याकाठच्या लॉजचा मालक, एक खवट म्हातारा, सकाळी खुर्चीत मेलेला सापडतो. गावातली एक बाई त्याला रोज रात्री सूप नेऊन देत असते. मी सूपला कढी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून बायका वेळेआधी येऊ लागल्या. शेवयांचं मशीन असलेल्या चाची तर पाळी नसली तरी यायच्या. ‘कल कहाँ तक आए थे? मले तं त्या पुतन्याचा शक हाय,’ असं म्हणत त्या बसायच्या. मावशी प्रत्येकाचा फायदा मोजायची. लॉज कोणाला मिळणार, भांडण कोणाशी होतं, असं एकेक. शपथेवर सांगते, पुस्तकातल्या त्या निवृत्त बाईपेक्षा या बायका हुशार होत्या. लेखिकेनं चार प्रकरणं लपवलेली गोष्ट मावशीनं लाटण्याचा हात न थांबवता ओळखली. माझी छाती अभिमानानं फुगली होती. बाबांना सांगायला हवं, असं वाटत होतं.

त्या बैठकीत एक बाई पीठ कुटायला असायची. त्या कामात तिच्याइतका बसलेला हात गल्लीत दुसरा नव्हता. नवऱ्यानं टाकल्यापासून ती गल्लीच्या टोकाच्या घरात एकटी राहायची. शाळेत पोरांची खिचडी रांधायची, म्हणून सारं गाव तिला खिचडीवाली म्हणायचं. मी तिला ताई म्हणायची. शेजारी एक म्हातारे गुरुजी राहत. त्यांची मुलं पुण्याला. संध्याकाळचा डबा ताई द्यायची आणि रिकामा डबा सकाळी न्यायची. होळीच्या आधी एका सकाळी गुरुजी पलंगावर गेलेले सापडले, तेही तिलाच. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. वय झालंच होतं. गल्लीनं रडून घेतलं आणि विषय संपला. मला तरी तसंच वाटलं होतं.

पुस्तक अर्ध्यावर आलं. सूपवालीवर संशय गडद होत चालला होता. तेवढ्यात पीठ कुटता कुटता ताई म्हणाली, ‘थे नसन. जे रोज रांधते थे काहून मारन? इतके दिस पोट भरलं ना तिनं त्याचं.’

‘तुले कसं मालूम?’ कोणीतरी थट्टेनं विचारलं. सगळ्या हसल्या. ताईही हसली.

हसू थांबलं. लाटण्यांचा आवाज तेवढा होत राहिला. मी पुढचं पान उलटलं, पण कोणी पुस्तकाकडे पाहत नव्हतं. सगळ्या तिच्या हातांकडे पाहत होत्या.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून फोन आला आणि मला अमरावतीला परतावं लागलं. पुस्तक माझ्या पिशवीत माझ्यासोबत गेलं. सूपवालीची पोलीस चौकशी सुरू झाली होती, तिच्या स्वयंपाकघरातली कपाटं उघडली जात होती, आणि गोष्ट तिथं थांबली.

आठवड्यानं परत आले, तेव्हा गल्लीनं ते पुस्तक माझ्याशिवाय पुढं नेलं होतं.

मावशी भाजी चिरत होती. वर न पाहता म्हणाली, ‘तिनं डबा आधी घासून ठेवला म्हने. मंग हाका मारल्या.’

‘कोणी?’

‘खिचडीवालीनं. गुरुजीचा डबा. पोट्टी तू शिकेल हायेस, तूच सांग. मानूस मरून पडला अन् ही डबा घासते?’

‘मावशी, ती रोज सकाळी डबा नेते. आधी डबा उचलला असेल, मग हाक मारली असेल. आणि घासून ठेवला हे कोणी पाहिलं?’

‘पाह्यलं कोनी नाई. म्हनते.’

‘कोण म्हणते?’

‘सारेच.’

मी त्या पुस्तकांत शंभरदा वाचलेला, विष पाजून धुऊन ठेवलेला पेला आता मावशीच्या तोंडात होता. पुस्तकाला दोष देणं सोपं आहे, पण मी तो देणार नाही. टाकलेली बाई, एकटी, आणि म्हाताऱ्याच्या घरात जाणं-येणं, एवढं गल्लीला आधीपासून पुरेसं होतं. पुस्तकानं त्याला फक्त प्रकरणांची मांडणी दिली. बाबांच्या पत्रकांनी मला शिकवलं होतं की अन्याय आरडाओरडा करत येतो, त्याचा एक पुढारी असतो, त्याचं नाव घेऊन त्याच्याविरुद्ध लिहायचं असतं. इथं आवाज चढवलेलाच नव्हता. सगळ्या गोड बोलत होत्या. ताईला रस्त्यात पाहून ‘काय वं, जेवली का?’ असंही विचारत होत्या.

मी त्या दुपारी एक पत्रक लिहायला बसले. खरंच बसले. ‘हिवरखेडच्या भगिनींनो’ असं लिहिलं आणि पुढं शब्द सुचेना. जे कोणी उघड म्हटलंच नाही, त्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं कसं? पत्रक वाटलं असतं, तर ज्या चार गल्ल्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं असतं. मी कागद फाडून चुलीत घातला.

मग मला वाटलं, शेवट वाचून दाखवू. पुस्तकात सूपवाली निर्दोष असते. मारलेलं असतं त्या म्हाताऱ्याच्या भागीदारानं. दुसऱ्या सकाळी मी उरलेली सगळी प्रकरणं एका बैठकीत संपवली. घसा बसला. ताई त्या दिवशी आली नव्हती. शेवटी सूपवालीची माफी मागायला सारं गाव तिच्या दारी येतं, ते मी जरा रंगवूनच सांगितलं.

कोणी वा म्हटलं नाही.

‘पुस्तकात असन,’ मावशी म्हणाली. ‘लिहिनारीले तिले वाचवाचं होतं.’

‘हौ ना,’ चाची म्हणाल्या. ‘वो भागीदार तो बीच में कहीं था ही नहीं. एकदम कुठून आला?’

मी सांगत राहिले की तो पहिल्याच प्रकरणात होता, लॉजच्या दारात उभा होता. त्यांनी ऐकलं नाही. शेवट त्यांच्याकडे आधीच तयार होता.

पुढची पाळी ताईची होती.

मला वाटलं कोणी जाणार नाही. पण सगळ्या आल्या. न येणं म्हणजे तोंडानं बोलल्यासारखं झालं असतं, आणि ती जबाबदारी कोणालाच नको होती. पोळपाटं मांडली गेली. ताईनं अंगण सारवलं होतं. बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून ठेवलं होतं. पीठ तिनं एकटीनंच कुटून ठेवलेलं. तिनं ओल्या फडक्याखालून लाट्या काढल्या, तेलात बुडवल्या आणि एकेकीच्या हातावर ठेवत गेली.

‘मले आज उपास हाय वं,’ एक म्हणाली. ‘घरी नेतो.’

‘दाढ ठनकून राहिली,’ दुसरी म्हणाली.

‘शुगर बढी है मेरी,’ चाची म्हणाल्या. उडदाच्या पिठाचा साखरेशी काय संबंध, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

मी मावशीकडे पाहिलं. माझ्या आईच्या पाठची बहीण, जिच्या हातून मी पहिला घास खाल्ला असं सगळे सांगतात. तिनं लाटी पदराच्या टोकात घेतली, गाठ मारली आणि लाटणं उचललं.

ताई माझ्यापाशी आली. मी लाटी तोंडात टाकली. खार नेमका, मिरं नेमकं, जिभेला झणका. मी मोठ्यानं म्हटलं, ‘ताई, आणखी एक दे.’ मी खाल्ली म्हणून कोणी बधली नाही. उलट दोघी-तिघी माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जशा पुस्तकात दुसरा खून होण्याआधी पाहतात.

ताईनं सगळ्यांच्या पदरांच्या गाठी पाहिल्या. तिनं परातीतून एक लाटी घेतली आणि उभ्या उभ्या सावकाश खाल्ली. मग आणखी एक. डोळे कोरडे होते. ‘तुमी लाटा,’ ती म्हणाली. ‘मीच खातो.’

पापड सगळे लाटले गेले. पातळ, एकसारखे, एकही फाटला नाही. इतके सुंदर पापड त्या उन्हाळ्यात कोणाकडे झाले नाहीत. त्या सकाळी कोणी गोष्ट मागितली नाही.

निघताना मी ताईजवळ थांबले. काही बोलावं म्हणून म्हटलं, ‘या बायका विसरतील.’

‘मले या बायकायची भीती नाई,’ ती म्हणाली. ‘इयचे पोट्टे शाळेत येते. जून लागला की माह्या हातचं खातीन का नाई, थेच पाहाचं हाय.’

मी अमरावतीला परतले. जून मोजत राहिले. दर शनिवारी मावशीला फोन करायची. शाळा उघडल्यावरच्या शनिवारी ती पाऊस, सोयाबीन, शेजारचं लग्न असं सगळं बोलली. मी ताईचं विचारलं.

‘पोट्टे घरून डबे आनून राहिले,’ ती म्हणाली.

‘ताईला काढलं का?’

‘काढाचं काहून? कोनी काढलं नाई, कोनी काई म्हटलं नाई. थे रांधते ना. मोठा गंज भरून खिचडी रांधते रोज.’

‘आणि खातं कोण?’

‘बकऱ्या हायेत गावात,’ मावशी म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बदलला, लाडात आला. ‘थे जाऊ दे. दिवाळीले येशीन तं नवं पुस्तक आनजो. आता त्याच्यात कोन मरते?’

टेबलावर नवं पुस्तक होतंच. मुखपृष्ठावर डोंगरातलं गाव, लाल कौलं, पोस्टाच्या दारात झोपलेलं कुत्रं. मी ते आधाशासारखं अर्धं वाचूनही काढलं होतं. ‘हे कोणाच्या बाजूनं आहे?’ हा बाबांचा प्रश्न आठवला आणि या वेळी त्याचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

‘आणते,’ मी म्हटलं. ‘पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचते. पण तुझ्या ओसरीत नाही. ताईच्या अंगणात. ज्यांना ऐकायचं त्यांनी तिथं यायचं, आणि आधी तिच्या हातचा चहा प्यायचा.’

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मावशीच्या घरचा तो पंखा फिरताना करकरतो.

‘चहा सोडला मी,’ मावशी म्हणाली. ‘डॉक्टरनं सांगतलं.’

‘कोणत्या डॉक्टरनं?’

तिनं नाव सांगितलं नाही. फोनही ठेवला नाही.