“संपलं, मावशी”

ठेच्याचा वास आला की जालन्यातल्या त्या ऑपरेशन थिएटरचं दार आठवतं. मी शिकाऊ सर्जन होते. घनसावंगीकडचा एक तरुण पेशंट टेबलावरच गेला. मला शिकवणारे सर हातमोजे काढत म्हणाले, “तू त्यांच्याच भागातली, तूच सांग,” आणि मागच्या दाराने निघून गेले. बाहेर त्याची आई फडक्यात ठेचा-भाकर बांधून बसली होती. मी “संपलं, मावशी,” एवढंच म्हणाले. “संपलं का आप्रेशन? मंग भाकर देऊ का त्याला?” म्हणत ती फडक्याची गाठ सोडू लागली. टाक्याची गाठ सरांनी मला हात धरून शिकवली होती. त्या दारात मात्र हात सोडून दिला. परवा त्यांचा सत्कार झाला. सगळे पाया पडले. मी नाही पडले.