एकोणीस नंबरचा हंडा

"सून तोंड उघडत नाही. तिलाच रजिस्टरला बसवा, चुका काढणार नाही!"

हे गुरुजी माझ्या सासऱ्यांना सांगत होते, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. सासऱ्यांना सगळी भिवंडी नाना म्हणते. नाना आणि हे रिटायर्ड गुरुजी मिळून कामतघरला, आमच्या लूमच्या शेडवरच्या माळ्यात, वस्तुसंग्रहालय चालवत. तिथे वस्तू किती जमल्या ते रजिस्टर सांगेल. किश्शांची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून तेच जास्त जमले.

*

रजिस्टरमध्ये 'काळ' असा एक रकाना होता. गुरुजींनी पहिल्याच दिवशी मला शास्त्र समजावलं. "गंजलेलं असेल तर पेशवाई. फुटलेलं असेल तर त्याच्याही आधीचं."

"आणि गंजून फुटलेलं असेल तर?" नानांनी विचारलं.

गुरुजी गंभीर झाले. "मग तज्ज्ञ बोलवावा लागेल!"

*

खाली लूम सुरू झाले की माळा थरथरायचा आणि फळीवरची भांडी इंच-इंच पुढे सरकायची. आठवड्याने पाहावं तर चिठ्ठी तांब्याची आणि मागे अडकित्ता! मी भांडी उचलून जागेवर ठेवायला लागले, तर गुरुजींनी अडवलं.

"भांडी कशाला उचलतेस, सूनबाई? चिठ्ठ्या बदल. हलक्या असतात!"

लाइट जायची तेवढाच वेळ आमचा संग्रह एका जागी असायचा.

*

खाडीकाठी एक कोरीव शिळा सापडली. नंबर पुसला जाऊ नये म्हणून गुरुजींनी तो पांढऱ्या ऑइलपेंटने टाकला. टाकला तो बरोब्बर अक्षरांवर, कारण तिथे "पृष्ठभाग स्वच्छ होता". पुढे एक प्रोफेसर पाहायला आले. वाकून म्हणाले, "काय कोरलंय हो यावर?"

"अकरा!" गुरुजी म्हणाले.

*

कशेळीची एक म्हातारी रिक्षात घालून लाकडी उखळ घेऊन आली. सासूच्या सासूचं होतं म्हणे. मी नोंद केली आणि सहीसाठी रजिस्टर पुढे केलं.

"सई न्हाय येत गो मला. आंगठा देतंय."

गुरुजींनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: 'देणाऱ्याच्या सहीशिवाय वस्तू संग्रहात घेतली जाणार नाही.' वर म्हणाले, "आजीबाई, हे संग्रहालय आहे, रेशनचं दुकान नाही."

"रेशनवाला बरा," म्हातारी म्हणाली, "त्यो निदान आत तरी घेतो!" आणि उखळ घेऊन परत गेली. शिळा सोडली तर ते उखळ संग्रहातली एकमेव अस्सल जुनी वस्तू ठरलं असतं.

*

मग मी आठ दिवस माहेरी जाऊन आले. मोरीतला माझा तांब्याचा हंडा जागेवर नव्हता. आईने लग्नात दिलेला, काठावर माझं नाव घालून.

"नाना वर घेऊन गेले," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सरकारी साहेब मान्यतेसाठी यायचेत, फळी रिकामी दिसत होती. माग की परत!"

मागू कशी? इतक्या महिन्यांत नानांशी मी 'हो' आणि 'चहा' याच्यापुढे बोलले नव्हते. वर जाऊन रजिस्टर उघडलं. गुरुजींच्या अक्षरात: 'क्र. १९. हंडा. काळ: पेशवाई. देणगी: नाना.' सहीचा रकाना कोरा. घरच्या वस्तूला सही कसली!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळं पाहिलं आणि नेमके हंड्यापाशी थांबले. "सुंदर आहे. आमच्या मुख्य संग्रहालयात शोभेल. देता का?"

"घेऊन जा!" नाना लगेच म्हणाले. गुरुजी हंडा उचलायलाही लागले.

साहेबांनी काठावर बोट फिरवलं. "पेंटच्या खाली काहीतरी कोरलेलं दिसतंय. काय आहे?"

"एकोणीस!" गुरुजी म्हणाले.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"नाना, रॉकेलची चिंधी द्या. एकोणीसच्या खाली माझं नाव आहे. आणि मला सही येते, पण मी करणार नाही."