खळ्यावरचा वाऱ्याचा बोगदा

अमरावतीला इंजिनीअरिंग शिकत होतो त्या वर्षांत मी एका आंतरराष्ट्रीय संघटनेचा शाखाध्यक्ष होतो. होतो म्हणजे, स्वतःला म्हणवून घेत होतो. विमानविद्येच्या विद्यार्थ्यांची ही संघटना युरोपातली. आमच्या कॉलेजात विमानाचा विषयच नव्हता, पण तेवढ्यावर अडून बसलो तर वऱ्हाडी कसले? शाखेला मान्यता हवी तर दोन अटी होत्या : तीन विद्यार्थी सभासद, आणि वाऱ्याचा बोगदा, म्हणजे छोटं विमान टांगून त्याच्यावर वारं सोडायची सोय.

सभासद मी, माझा अकोल्याचा खोलीसोबती आणि वसतिगृहातला आणखी एक. बोगदा होता माझ्या मामाचा. तेल्हाऱ्याजवळ त्याच्या खळ्यावर ज्वारी उपणायचा, हाताने फिरवायचा पंखा होता. त्याच्यापुढे तळ काढलेले तेलाचे डबे जोडले की झालं काम. मी संघटनेला प्रामाणिकपणे कळवलं, "बोगदा आहे, पण सुगीतच चालतो. पावसाळ्यात बंद."

हा हंगामी बोगदा तिकडे कुणाच्या डोक्यात शिरेना. हिंदुस्थान पाहायला निघालेला त्यांचा एक डच पदाधिकारी, आमच्याच वयाचा, ताडासारखा उंच, 'डोळ्यांनीच बघतो' म्हणत सुगीत अकोल्याला उतरला. मान्यता द्यायची की नाही हे तो ठरवणार होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या तिसऱ्या सभासदाने शिक्षण सोडून लग्न केलं!

"तिसऱ्याचं काय सांगतं बे त्याले?" एसटीत खोलीसोबती माझ्या कानाशी लागला.

"वारं पाह्यलं की इसरते तो," मी म्हणालो. अध्यक्षाला धीर दाखवावा लागतो.

खळ्यात पाऊल टाकतो तोच मामा गरजला, "पायतन काढा आंधी! रास आहे तिथं!" पाहुण्याने मुकाट्याने बूट-मोजे काढले आणि मला हळूच म्हणाला, "आमच्या प्रयोगशाळेत एवढी शिस्त नाही." माझी छाती तिथेच फुगली.

कामट्या आणि पतंगाचा कागद यांचं माझं विमान मी सैल दोऱ्यांनी बोगद्याच्या तोंडाशी टांगलं. मामाने पंख्याची मूठ गरगरा फिरवली, कोंडा उडाला, आणि विमानाने नाक खाली घालून ज्वारीच्या राशीत सूर मारला. पुन्हा टांगलं. पुन्हा राशीत.

"काहून भाचेबुवा, इमान उडवून राह्यले का पेरून राह्यले?"

खळ्यावरचे गडी पोट धरधरून हसले. पाहुणा वाकला, निरखून पाहिलं आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "अध्यक्षमहाराज, पंख उलटे बांधलेत."

त्यानेच ते सुलटे केले. मामाने दुप्पट जोर लावला, आणि विमान उठलं! दोऱ्या ताणून वर ओढ घेऊ लागलं. कोंडा पंखांच्या वरून-खालून असा सरळ वाहत होता की वारं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. पाहुणा अनवाणी नाचायलाच लागला. "हे दिसावं म्हणून आम्ही धूर सोडतो, धूर! आणि इथे फुकट!" त्याच्या पिवळ्या केसांत कोंडा, भुवयांत कोंडा. गड्यांनी आरोळ्या ठोकल्या. मीही नाचलो, कारण आता तो सगळं विसरणार होता.

"छान," तो धापा टाकत म्हणाला. "तिसरा विद्यार्थी कुठे आहे?"

खोलीसोबती आभाळाकडे पाहायला लागला. मी अडचण मामाला सांगितली.

"मले लिहा की!" मामा म्हणाला.

"मामा, शिकणारा माणूस पाहिजे."

"चौथीत दोनदा बसलो, कमी शिकलो काय?"

तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली मामी टोपलं खाली ठेवत म्हणाली, "मी शिकून राह्यली ना. बायाइच्या वर्गात. सही येते मले."

मी भाषांतर केलं. पाहुण्याने डोकं खाजवलं. थोडा कोंडा खाली पडला. विद्यार्थी हवा असा नियम होता. काय शिकणारा ते त्यात लिहिलेलं नाही, आणि विमानविद्या तर तुम्हीही शिकत नाही, असं तो माझ्याकडे बघत म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला.

"मले इमानात बसा लागीन काय?" मामीने विचारलं.

"नाही."

"मंग आणा."

दातांत जीभ धरून तिने सही केली. पाहुण्याने तिच्यासमोर वाकून हात जोडले आणि शाखा मान्य झाल्याचं तिथेच जाहीर केलं. टाळ्या पडल्या. फक्त मामाने पंख्याची मूठ सोडली आणि बांधावर जाऊन पाठ करून बसला.

"पंखा माहा," तो वावराकडे तोंड करून ओरडला, "अन् मेंबर बायको!"