मामांचं कच्चं अंडं

मानवजातीचं आरोग्य ज्या मोजक्या माणसांनी सांभाळलं, त्यांत माझ्या बायकोचे वेल्ह्याचे मामा येतात. असं खुद्द मामाच सांगतात. त्यांच्याकडे एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला कुणी चहा विचारत नाही. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी एक पाटी ठेवलेली असते, त्यात गावरान कोंबडी बसलेली असते. मामा तिच्या पोटाखाली हात घालून गरम अंडं काढतात, सदऱ्याला पुसून ते निर्जंतुक करतात, वर टवका पाडतात आणि हातात देतात. "एका दमात, जावईबापू! शहरात पोटं लई नाजूक झाल्याती." मग आपण गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. जंतूंविषयी त्यांचं संशोधन पूर्ण झालेलं आहे. जंतू हायवेला पोल्ट्रीच्या टेम्पोतून हिंडतो, तोरण्याच्या पायथ्याला त्याला करमत नाही. तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकेला त्यांनी हेच समजावलं आणि निघताना तिच्याही हातात अंडं ठेवलं.

यंदा उन्हाळ्यात मामी ताप-जुलाबांनी आडव्या झाल्या. नसरापूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तरी त्या डोळे उघडेनात. मामा खाटेशी उभे होते आणि प्रथमच कुणाला काही समजावत नव्हते. तपासणीत साल्मोनेला निघाला.

"कोंबड्या आहेत घरात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हायत. पर गावरान! एकदम ठणठणीत."

"ठणठणीतच दिसतात. जंतू त्यांच्या विष्ठेतून कवचावर येतो, तिथून हाताला, भांड्याला लागतो. कधी अंड्याच्या आतही असतो. कच्चं कोण खातं?"

"समदेच की! म्या तर रोज."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न मामींना केला, तेव्हा मामी उशीवरूनच पुटपुटल्या, "ह्ये कुठं खात्यात? ह्यांना वासानंच मळमळतंय. ह्यांच्या वाटचंबी म्याच पिते. टाकायचं जिवावर येतं."

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काहीही नव्हतं. मग म्हणाले, "मला सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगायचं? तुमचंच औषध."

मामी बऱ्या होऊन घरी आल्या. पाटी आता गोठ्यात गेली आहे आणि मोरीत साबणाची वडी आली आहे. आरोग्यावरचं व्याख्यान बंद झालं. कधीकधी त्याची आठवण येते. हल्ली पाहुण्याला चहा मिळतो. तो मामा स्वतः करतात, हात धुऊन, आणि पहिला कप मामींना देतात. चहा भयंकर असतो.